मदत हवी आहे: चेनसॉचा काप उजवीकडे वळतो, आणि आठ महिन्यांपूर्वीचं सरपण अजून फुसफुसतं

नमस्कार.

अडचणी दोन आहेत, पण लाकूड एकच. लिहिणं लांबणार आहे. अर्धवट सांगितलं की उत्तर देणाऱ्यालाच उलट विचारत बसावं लागतं, म्हणून सगळं सांगतो.

आमच्याकडे लाकडाची शेगडी आहे आणि थंडीत घराला ऊब तिचीच. आठ महिन्यांपूर्वी वादळात निलगिरीचं एक मोठं झाड आडवं झालं. तोवर सरपण फोडलेलं यायचं, या वेळी पहिल्यांदाच मी स्वतः कापायला घेतलं. मशीन पेट्रोलचं आहे, १६ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी), चेनला दोन्ही बाजूंचे मिळून २८ दात. लिटरला २० मिली टू-टी ऑइल घालतो, पुस्तिकेत तसंच आहे. पहिले काही दिवस मशीन लोण्यात सुरी जावी तसं चाललं.

मग एकदा जमिनीलगतचा ओंडका कापताना चेन खालच्या दगडाला घासली. ठिणग्या दिसल्या, लगेच थांबलो. गोल कानस घेऊन धार लावली. दगडाला डाव्या बाजूचे दात जास्त लागले होते, त्यांचे कोपरे चकचकीत गोल झाले होते, म्हणून ते नीट होईपर्यंत घासले. उजव्या बाजूला चार-चार हात मारले. तेव्हापासून काप सरळ जात नाही. सुरुवात काटकोनात होते, पण अर्ध्यावर गेलं की बार उजवीकडे ओढू लागतो. फूटभर जाडीचा ओंडका कापला तर तळाशी काप दोन बोटं सरकलेला असतो आणि कापलेलं तोंड वाटीसारखं खोलगट दिसतं. शेवटच्या टप्प्यात बार अडकतो, धूर येतो. आधी पायाशी ढलप्या पडायच्या, आता पिठासारखा भुसा पडतो आणि मला मशीन दाबावं लागतं. तीनदा पुन्हा धार लावली, फरक शून्य.

दुसरी गोष्ट सरपणाची. हात-हातभर लांबीचे ओंडके कापून घराच्या भिंतीला टेकवून रचले आणि पावसाचा थेंब जाऊ नये म्हणून ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळून दोरीने आवळले. लागेल तसे फोडायचे असं ठरवलं होतं. परवा पहिल्यांदा उघडलं. आतून कुबट वास आला, ओंडक्यांच्या तोंडांवर पांढरी-हिरवी बुरशी, सर्वांत खालचा थर मातीला चिकटलेला. एक फोडून शेगडीत घातला तर टोकाला फेस आला आणि किती वेळ फुसफुसत राहिला. खोली धुराने भरली. वडिलांना दमा आहे. त्या रात्री खिडक्या उघड्या ठेवून थंडीत बसावं लागलं त्यांना. मला हे मनाला फार लागलंय, कारण त्यांना ऊब मिळावी म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

चेन टाकून नवी घ्यावी की बार बिघडलाय? आणि हे लाकूड आता वाचेल का?

एक सांगायचं राहिलं. एकटाच कापतो, त्यामुळे बारीक फांद्या डाव्या हाताने धरून उजव्या हातात मशीन घेतो. कापायची याहून सोपी पद्धत असेल तर तीही सांगा.

प्रतिसाद:

शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, बाकीचं नंतर. एका हातात मशीन घेणं आजपासून बंद. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागला की मशीन झटक्यात वर आणि मागे, तुमच्या तोंडाकडे उसळतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वेढलेला असेल तरच मशीन हातात राहतं, आणि मनगट पुढच्या पट्टीवर आदळून चेनचा ब्रेक लागतो. डावा हात फांदीवर असेल तर मुठीवर कोणीच नाही, आणि फांदी धरलेला हात चेनपासून वीतभर अंतरावर.

बारीक फांद्यांसाठी लाकडी घोडी करा. इंग्रजी एक्स अक्षरासारख्या दोन कैच्या, मध्ये आडव्या पट्ट्या, उंची मांडीच्या मध्यापर्यंत. चार-पाच फांद्या एकत्र ठेवून पट्ट्याने आवळायच्या आणि दोन्ही हातांनी कापायच्या. तुमचा दगडाचा प्रश्नही त्यातच सुटतो, कारण लाकूड जमिनीवर राहतच नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, कापाच्या सरळ रेषेत डोकं ठेवायचं नाही, उभं राहायचं ते किंचित डावीकडे. चष्मा, कानाला मफ आणि पायाला चेनसॉची जाड पँट हवीच. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

प्रतिसाद:

काप वळण्याबद्दल. आधी दोष चेनचा की बारचा ते ठरवू, विकत काहीच घ्यायचं नाही. बार काढा, उलटा करून तीच चेन बसवा आणि एक ओंडका कापा. काप आता डावीकडे वळला तर बारच्या दोन कडांपैकी एक झिजलीय. उजवीकडेच वळत राहिला तर दोष चेनमध्ये आहे. बार काढलाच आहे तर काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर त्याच्या कडांवर उभा करा, कडा सारख्या असतील तर सरळ उभा राहील. खाचेत साचलेला भुसा खरवडून काढा आणि तेलाचं भोक साफ करा. मग मशीन चालू करून टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा, रेस वाढवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल पोचतंय.

तरी माझा अंदाज चेनवरच आहे. तुम्हीच लिहिलंय की डावे दात भरपूर घासले आणि उजव्यांना चार-चार हात मारले. चेनच्या दाताचा माथा मागे उतरता असतो. जितकं घासाल तितका दात आखूड होतो आणि त्याच वेळी बुटकाही होतो. त्याच्या पुढे जो कुबड असतो, रेकर म्हणतात त्याला, तो दात किती खोल चावणार हे ठरवतो. दात बुटका झाला आणि रेकर तेवढाच राहिला की दात लाकडाला नुसता चाटून जातो. तुमचे डावे दात आता चाटतायत, उजवे चावतायत, आणि बार चावणाऱ्या बाजूला ओढला जातोय. पिठासारखा भुसाही त्यामुळेच. धार असूनही खोली मिळत नाही. तुम्ही दर वेळी पुन्हा धार लावताय ती फक्त धार आहे, लांबीचा हिशोब नाही, म्हणून फरक पडत नाही.

व्हर्नियर कॅलिपर असेल तर दाताच्या माथ्याची लांबी मोजून इथे लिहा. कानस किती मिलिमीटरची आहे तेही.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. एका हाताने कापणं थांबवलं. घोडीसाठी फळ्या काढून ठेवल्या आहेत.

बार उलटा करून पाहिला. काप उजवीकडेच. फरशीवर बार सरळ उभा राहिला, तेलाची रेघही दिसली. मग सगळे दात मोजले. उजवे ७.४ ते ७.६ मिमी, डावे ५.९ ते ६.२. एकटा एक दात ५.७ आहे, दगडाचा सगळ्यात जास्त मार त्यालाच बसला होता. कानस ४.८ मिमी लिहिलेली आहे. चेनच्या खोक्यावर ३/८ लो प्रोफाइल असं आहे.

प्रतिसाद:

मग दोन चुका एकावर एक झाल्यात. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमीची कानस लागते. ४.८ ची कानस .३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचांत) चेनची. जाड कानसने दाताच्या खालची वाटी उथळ होते, धार बोथट कोनात येते आणि दोन ओंडक्यांत जाते.

चेन टाकू नका. दाताची लांबी ४ मिमीपर्यंत चालते, तुमच्याकडे अजून भरपूर दात आहे. बार शिकंज्यात घट्ट पकडा. सगळ्यात आखूड दात ५.७ चा, त्यावर मार्करने खूण करा आणि उरलेले २७ त्याच्याइतके होईपर्यंत घासा. उजव्या बाजूला जवळजवळ दोन मिमी काढायचे आहेत, वेळ लागेल, एका बैठकीत करू नका. कोन ३० अंश, कानस आतून बाहेर ढकलायची, मागे आणताना उचलायची. ज्या हाताची सवय आहे त्या बाजूला नकळत जास्त जोर पडतो, म्हणून दर पाच-सहा हातांनी मोजा. सगळे सारखे झाल्यावर मगच रेकर, सपाट कानस आणि मापपट्टी घेऊन. दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिमी खाली, त्याहून जास्त नाही. रेकर फार खाली गेला की चेन अधाशासारखी चावते आणि तो वर सांगितलेला झटका वाढतो.

चेनचा ताण थंड मशीनवर ठेवायचा. हाताने ओढली की सहज फिरावी आणि खालून लोंबू नये. गरम झाल्यावर ती लांबते, तेव्हा ओढून घेतली असेल तर काम संपल्यावर सैल करा, कारण थंड होताना आवळते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो.

आणि बार अडकण्याचं कारण निम्मं वेगळं असणार. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वरून एक तृतीयांश कापा, उरलेलं खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. मोठा ओंडका असेल तर बार आत गेल्यावर मागे प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोका. लोखंडी नको, चेन लागली तर पुन्हा दगडाचीच गोष्ट. झाड मातीतून ओढून आणलं असेल तर सालीतली माती कापायच्या रेषेवर कुऱ्हाडीने तासून काढा. मातीतली वाळू धार खाते, दगड दिसत तरी असतो.

प्रतिसाद:

सरपणाकडे कोणी वळलंच नाही, ते मी सांगते. आमच्याकडे बारा महिने लाकूड जळतं.

तुमचं लाकूड आठ महिने वाळलंच नाही, फक्त ठेवलेलं होतं. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं आणि जाळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं. पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः टोकांतून, कारण झाडाच्या नळ्या उभ्या असतात. साल तर पाणी आत धरून ठेवायलाच असते. अख्खा ओंडका सालीत बंद, वरून ताडपत्रीत बंद, खाली ओली माती. निघालेली वाफ ताडपत्रीला लागून पुन्हा लाकडावर टपकली, बुरशी त्यावर वाढली.

वाचेल, सगळं वाचेल. बुरशी वरवरची आहे. फक्त लाकूड भुसभुशीत होऊन नखाने उकरता येत असेल तर तेवढं बाजूला काढा. झटकताना तोंडाला मास्क लावा, आणि वडिलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका. बुरशीची भुकटी दम्याला वाईट.

आता सगळं फोडा, उद्याचं काम म्हणून ठेवू नका. निलगिरीचा रेषा पिळाचा असतो, ओली असताना फुटते, सुकली की कुऱ्हाड उसळते. ओंडक्याच्या मधोमध घाव घालत बसू नका, कडेने चार-चार बोटांच्या फाळी काढत आत या. मनगटापेक्षा जाड काही ठेवू नका. मग दोन आडव्या वाशांवर, जमिनीपासून वीतभर उंच, एकेरी ओळीत रचा. भिंतीपासून हातभर लांब, वारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून. भिंतीला टेकवलं की मागून वारा नाही आणि वाळवीला घराकडे जायला आयती वाट. ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. तिरक्या पावसाने कडा भिजल्या तर भिजू द्या. बाहेरून लागलेलं पाणी दोन उन्हांत जातं, आतलं पाणी हा खरा प्रश्न.

वाळलं की नाही हे ओळखायचं म्हणजे टोकाला मध्यापासून चिरा पडतात, साल सुटते, दोन फाळी एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज येतो. ओली धप्प वाजतात. पण माझा भरवसा वजनावर. तीन फाळींवर खडूने आकडा घाला, काट्यावर तोला, तारीख लिहा, थप्पीच्या मध्यावर ठेवा. दर पंधरा दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की हवेने जेवढं वाळवायचं तेवढं वाळवलं.

ओल्या लाकडाने उष्णता वाया जाते असं म्हणतात, ते खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. आत पाणी असेपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं, जाळ थंड पडतो आणि लाकडातून निघालेले वायू पेटण्याआधीच धूर होऊन निघून जातात. तोच धूर धुराड्यात डांबर होऊन बसतो आणि एखाद्या दिवशी धुराड्यातच पेट घेतो. ओलं लाकूड जाळलंय म्हणता, तर धुराडं साफ करून घ्या. या थंडीपुरतं वाळलेलं लाकूड दुसरीकडून आणा, हे पुढच्या थंडीला ठेवा. वडिलांच्या छातीपुढे बाकी सगळं नंतर.

धागाकर्ता:

पाच आठवडे झाले, म्हणून पुन्हा लिहितोय.

४ मिमीची कानस आणली. तीन संध्याकाळी लागल्या. सगळे दात ५.६ ते ५.७ वर आणले, रेकर मापून घेतले. पहिला काप घेतला आणि मशीन त्याच्या वजनानेच खाली गेलं, मला दाबावं लागलं नाही. पायाशी पुन्हा नखाएवढ्या ढलप्या. ओंडक्याच्या तोंडाला काटकोन लावून पाहिला, वरपासून खालपर्यंत फट नाही.

सगळं फोडून झालं. धुराड्यातून काळी, चकचकीत पापुद्र्यांची अर्धी बादली निघाली. या थंडीसाठी वाळलेलं लाकूड आणलंय. वडील आता शेगडीजवळ बसतात, खिडक्या बंद असतात.

खडूचा पहिला आकडा घातलेली फाळ २ किलो ८६० ग्रॅम होती. पंधरवड्याने २ किलो ६१०, महिन्याने २ किलो ४३०. दुसरी-तिसरीही तशाच उतरतायत. मात्र थप्पीच्या उत्तरेकडच्या टोकाला ऊन येत नाही, तिथल्या फाळी हाताला अजून थंड लागतात. त्या थप्पीच्या मधोमध आणून ठेवाव्यात का?

प्रतिसाद:

नका हलवू. तिथे वारा लागत असेल तर उशिरा का होईना वाळतील. त्यांतल्याच एका फाळीवर चौथा आकडा घाला आणि ते टोक सगळ्यात शेवटी जाळायला घ्या.