पोकेमॉनमधली वायर गेली आणि मजा पण गेली

टाझोवाला:
परवा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची लिंक केबल सापडली, म्हणजे हातात धरून खेळायची दोन मशीन जोडणारी वायर. एक टोक जांभळं, एक करडं, मधे काडेपेटीपेक्षा लहान डबी. ती हातात घेतल्यापासून डोक्यात जे घोळतंय ते इथं टाकतो. शिव्या घालायच्या तर घाला.

2005 च्या मे महिन्यात मामेभाऊ मस्कतहून आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी आला होता. त्याच्याकडं दोन मशीन, एकात फायररेड, दुसऱ्यात लीफग्रीन, दोन्ही पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचे खेळ. फायररेड मला दिला. पडद्याला आतून उजेड नव्हता, म्हणून दोघं पडवीत उन्हाच्या कवडशात पाय पसरून बसायचो. माझ्याकडं ग्रोलिद नावाचा पोकेमॉन मिळायचा, त्याच्याकडं नाही. त्याच्याकडं व्हल्पिक्स, माझ्याकडं नाही. म्हणजे भांडण ठरलेलंच.

एक दिवस मी माझा हॉन्टर त्याला पाठवला. अदलाबदल झाली की हॉन्टरचा गेंगार होतो, हे त्याला ठाऊक होतं, मला पण ठाऊक होतं. करार असा, की गेंगार झाला की लगेच परत. झाला गेंगार, आणि भावानं परत द्यायला साफ नकार दिला. तीन दिवस! आईपर्यंत तक्रार गेली, तिला काय घंटा कळलं नाही. शेवटी रंकाळ्यावर दोन प्लेट भेळ आणि माझी सायकल दोन दिवस, यावर मिटलं.

माझा मुद्दा असा. हा खेळ मुळात त्या वायरीसाठीच केलेला होता. तो काढणारा सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचा. पुढं गेम बॉयची वायर बघून त्याच्या डोक्यात आलं, की यातून एखादा किडा चालत पलीकडं गेला तर? 1996 ला जपानात रेड आणि ग्रीन अशा दोन आवृत्त्या काढल्या त्या त्याच हिशेबानं. एकट्यानं एका कार्ट्रिजवर (मशीनमध्ये घालायची खेळाची डबी) सगळे गोळा होणारच नाहीत, दुसऱ्याच्या दारात जावंच लागेल. आणि 2022 च्या लेजेंड्स आर्सियसमध्ये काय आहे? ‘लिंकिंग कॉर्ड’ नावाची वस्तू. पिशवीतून काढा, हॉन्टरला द्या, झाला गेंगार. वायरीचंच नाव देऊन वायरीची गरज संपवली. मामेभाऊ नको, भेळ नको, भांडण नको.

आता लढाईत न उतरलेल्या पोकेमॉनलाही अनुभव गुण मिळतात, वाट चुकायची सोय नाही, हे सगळं वेगळंच. पण मला डाचतं ते हे.

आठवी_गल्ली:
भावा, तुझा मामा मस्कतला होता. माझा मामा कागलला.

मी हाच फायररेड राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत खेळलो, इम्युलेटरवर (पीसीवर गेम बॉयचे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर), तासाचे पैसे मोजून. शेजारच्या पीसीवरचा पोरगा काउंटर स्ट्राइक खेळायचा, वायर लावू कुणाला? माझा हॉन्टर लेव्हल 60 पर्यंत हॉन्टरच राहिला. एक दिवस मशीन फॉरमॅट झालं आणि तो पण गेला. गेंगार मी फक्त चिप्सच्या पाकिटातल्या टाझोवर बघितला होता.

गेल्या वर्षी सेकंडहँड स्विच (निंटेंडो कंपनीचं नंतरचं मशीन) घेतला, आर्सियस लावला, ती कॉर्ड दिली आणि तिशी उलटल्यावर आयुष्यातला पहिला गेंगार बघितला. चहा गार झाला तरी बघतच होतो. तू म्हणतोस मजा गेली. माझी त्या दिवशी सुरू झाली. वायर ही ज्यांच्याकडं दोन मशीन आणि एक भाऊ होता त्यांची मजा होती. बाकीच्यांना ती बंद दार होती.

आणि जुन्याचं कौतुक करताय तर सगळं सांगा की. पहिल्या भागात पिशवीत वीसच वस्तू मावायच्या. साठवायच्या बॉक्समध्ये वीस पोकेमॉन भरले की पुढचा पकडताच यायचा नाही, सेंटरला परत जाऊन हातानं बॉक्स बदलायचा. मनाच्या शक्तीनं लढणाऱ्या सायकिक प्रकाराच्या पोकेमॉनला भूत प्रकाराची भीती असायला हवी, खेळातलाच एक माणूस तसं सांगतो, आणि प्रत्यक्षात भुताचा वार सायकिकला लागतच नव्हता. ‘फोकस एनर्जी’ वापरली की जोरदार फटका बसायची शक्यता वाढायच्या ऐवजी कमी व्हायची. ही काय कारागिरी म्हणायची?

सगळ्यांना अनुभव वाटून देणारं ‘एक्स्प. ऑल’ सुद्धा त्याच पहिल्या भागात होतं. आजच्या पोरांचे लाड म्हणून आलेलं नाही ते.

मातीचा_पैलवान:
टाझोवाला, शंभर टक्के. हे मातीतली कुस्ती मॅटवर नेल्यासारखं झालंय. मातीत जोड तोडीस तोड लागली की तासभर चालायची, पाठ लागली तरच निकाल. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुण मोजा, घरी जा. पूर्वी जिम लीडरपुढं (याला हरवल्यावर बॅज मिळतो) चितपट झालो की आठवडाभर गवतात फिरून टीम तयार करायचो. आता आठही बॅज मिळेपर्यंत कुणी आडवं येत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेल्या माणसाला हे गोड लागणार नाही.

आठवी_गल्ली:
पैलवान, ही उपमा तुमच्याच अंगावर येतीय. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, सहावे आले. मॅट शिकले आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं. मातीतला माणूस मॅटवर गेल्यानं बिघडला नाही. आणि खासबाग अजून तिथंच आहे की. तसा फायररेड पण आहे, कुणी हिसकावून घेतलाय का?

मातीचा_पैलवान:
खाशाबांना मधे आणलंस, आता काय बोलू. पण ते मॅटवर गेले म्हणून मॅट सोपं केलं नव्हतं कुणी, एवढं ध्यानात ठेव.

डबल_बॅटल:
मध्ये बोलतो, कारण सगळे फक्त गोष्टीबद्दल भांडताय, लढाईबद्दल कुणीच नाही. मी ऑनलाइन स्पर्धा खेळतो. लढाईच्या बाजूनं ही मालिका सोपी झालेली नाही, उलट दरवेळी एकेक पदर वाढलाय. 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये ‘स्पेशल’चे, म्हणजे लांबूनच्या वारांच्या ताकदीचे, हल्ला आणि बचाव असे दोन तुकडे केले, डार्क आणि स्टील हे नवे प्रकार आणून सायकिकची दादागिरी मोडली. 2002 च्या रुबी-सफायरमध्ये अ‍ॅबिलिटी (प्रत्येकाची अंगभूत खुबी), स्वभाव आणि दोघं विरुद्ध दोघं. 2013 ला फेअरी प्रकार आला, असे पहिल्या भागातले पंधरा प्रकार अठरा झाले.

टाझोवाला, तुमच्या त्या गेंगारचंच घ्या. 2005 ला तो नुसता दिसायला भारी होता. तेव्हा वार अंगावरचा का लांबून, हे त्या वाराच्या प्रकारावर ठरायचं, आणि भुताचे सगळे वार अंगावरचे धरायचे. गेंगारचा अंगावरचा हल्ला 65, स्पेशल हल्ला 130. म्हणजे भूत असून भुताचा वार त्याला धड जमत नव्हता! 2006 च्या डायमंड-पर्लमध्ये प्रत्येक वाराचं वेगळं ठरवलं तेव्हा कुठं शॅडो बॉल हा भुताचा वार त्याच्या हातात शोभायला लागला. ज्याच्यासाठी दोन प्लेट भेळ घातलीत तो गडी खरा पैलवान झाला ते पुढच्या पिढीत.

गेलं ते काम गेलं. योग्य स्वभावाचा एक पोकेमॉन मिळावा म्हणून अंडी घेऊन सायकलवर त्याच रस्त्यानं येरझाऱ्या घालायचो, पन्नास-पन्नास अंडी. 2019 पासून पुदिना खायला घातला की स्वभावाचा परिणाम बदलतो. त्या येरझाऱ्यांची आठवण कुणाला येत असेल तर त्यानं खुशाल घालाव्यात.

टाझोवाला:
कागलचा टोला लागला, मान्य. शॅडो बॉलचं तर मला आज कळलं, वीस वर्षांनी. तरीच तो मामेभावाच्या टीमपुढं टिकायचा नाही, मला वाटायचं मीच खेळायला कच्चा.

पण आठवी गल्ली, तुला दार बंद होतं म्हणून दारच काढून टाकायचं? जिथं भाऊ नाही तिथं कॉर्ड ठेवा, चालेल. पण जिथं भाऊ शेजारी बसलाय तिथं पण तो आता आपापल्या पडद्यात आहे. अदलाबदल होते ती सरप्राइज ट्रेडमध्ये, समोरचा कोण, कुठला, काही पत्ता नाही. भांडायचं कुणाशी?

शिवाय कठीण पाहिजे त्याला कठीण ठेवा म्हटलं तर ते पण करता येत नाही यांना. 2012 च्या ब्लॅक 2 मध्ये ‘चॅलेंज मोड’ दिला. तो कधी उघडतो, तर खेळ एकदा पूर्ण संपल्यावर! जेवण झाल्यावर तांबडा रस्सा वाढायचा प्रकार.

कोडकरी:
मूळचा कसबा बावड्याचा, आता पुण्यात दुसऱ्यांचे बग काढतो. वायरीच्या भांडणात मला दोन्हीकडची बाजू पटते, पण खरी दुखरी नस तिसरीच आहे, वेळापत्रक.

गोल्ड-सिल्व्हर करताना जागा पुरेना, तेव्हा सातोरू इवातांनी (पुढं निंटेंडोचे अध्यक्ष झाले ते) चित्रं आवळून बसवायची साधनं लिहून दिली होती. नवा जोहतो प्रदेश संपल्यावर पहिल्या भागातला कांतो पण फिरायला मिळतो, त्या एवढ्याशा कार्ट्रिजवर. त्याच्याही आधी, पहिल्या भागात, म्यू हा गुपित पोकेमॉन आत गेला तो डीबगची (चुका शोधायची) साधनं काढल्यावर उरलेल्या फटीत, साधारण तीनशे बाइटमध्ये. अडचण होती ती जागेची, आणि तिच्याशी झगडताना डोकं चालायचं.

आता जागा रग्गड, अडचण वेळेची. एकूण पोकेमॉन 1025 झालेत. प्रत्येकाचं त्रिमितीय मॉडेल, चालणं, पळणं, झोपणं, प्रत्येक वाराशी जुळवून घेणं. 2019 च्या सोर्ड-शील्डमध्ये त्यांनी हात टेकले आणि जवळपास चारशेच ठेवले. लहानपणापासूनचा पोकेमॉन एका भागातून दुसऱ्यात नेत आलेल्यांना पहिल्यांदाच सांगितलं, की तुमच्यातल्या निम्म्याअर्ध्यांना आत जागा नाही. जगभर बोंबाबोंब झाली ती त्यामुळं. पुढं 2022 च्या जानेवारीत आर्सियस आणि त्याच नोव्हेंबरमध्ये स्कार्लेट-व्हायोलेट. एका वर्षात दोन! कार्टून, पत्ते, खेळणी या सगळ्यांच्या तारखा नव्या भागाला बांधलेल्या असतात, म्हणून खेळ ‘तयार झाल्यावर’ काढता येत नाही. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये लांबची माणसं कापलेल्या फिल्मसारखी चालत होती, माणूस जमिनीतून खाली पडत होता, निंटेंडोला माफी मागावी लागली. आणि विकला किती? पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती. एवढं झाल्यावर कुठला मॅनेजर म्हणेल की अजून सहा महिने थांबूया?

माझं मत विचाराल तर त्या फुटक्या खेळातलं मोकळं जग ही मालिकेतली वीस वर्षांतली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. कुठल्याही दिशेला जा, कुठलीही जिम आधी घे. एकदा सरळ उत्तरेला निघालो आणि लेव्हल 12 च्या टीमनं लेव्हल 40 च्या समोर जाऊन माती खाल्ली. पैलवान, तुम्हाला पाहिजे ते चितपट होणं तिथं आहे. फक्त आपल्या पायानं जाऊन व्हावं लागतं.

2024 ला मुख्य खेळ काढलाच नाही, हे मला सगळ्यात चांगलं लक्षण वाटलं.

मावशी_बोलते:
मला यातलं निम्मं कळलेलं नाही, तरी लिहिते. माझा दहा वर्षांचा मुलगा पोकेमॉन गो खेळतो, माझ्या फोनवर, रोज अर्धा तास, तेसुद्धा रंकाळ्यावर चालायला आला तरच. (त्यामुळं माझं पण चालणं होतं, हे त्याला सांगत नाही.)

टाझोवाले दादा, तुम्ही म्हणता वायर गेली. अहो, गेल्या रविवारी याचं आणि शेजारच्या पोराचं काठावरच्या कट्ट्यावर बसून पंधरा मिनिटं चाललं होतं, “आधी तू दे”, “नाही, आधी तू”. मी विचारलं, अरे घरी बसून का नाही करत? तर म्हणाला, आई, त्यासाठी शंभर मीटरच्या आत असावं लागतं. आणि तुमचाच तो हॉन्टर होता. एरवी गेंगार करायला शंभर कँडी लागतात म्हणे, पण कुणाशी अदलाबदल केलेला असला तर एक पण लागत नाही. शेवटी याचा हॉन्टर तिकडं गेला, त्याचा इकडं आला, दोघांचे गेंगार झाले आणि दोघंही तोंड फुगवून बसले, कारण दुसऱ्याचा जास्त ताकदीचा निघाला.

टाझोवाला:
मावशी, तुम्ही माझा अख्खा धागाच उसवलात. शंभर मीटर! म्हणजे यांना पण माहितीय की जवळ बसल्याशिवाय गंमत नाही.

आठवी_गल्ली:
लगेच जिंकल्यासारखं करू नकोस. त्याला कँडी गोळा करून एकट्यानं पण गेंगार करता येत होता. दोन्ही वाटा उघड्या आहेत, मी तेच म्हणतोय पहिल्यापासून. 2005 ला एकच होती आणि ती मस्कतवरून जायची.

टाझोवाला:
मत बदललेलं नाही माझं. पण एक सांग, तुझ्याकडं जुनं अ‍ॅडव्हान्स आहे का कुणाचं? माझं चालू आहे, ती फायररेडची कार्ट्रिज पण आहे. हॉन्टर देतो तुला खरा, वायरीतून.

आठवी_गल्ली:
मिळवतो. लक्ष्मीपुरीत जुन्या सामानात एक बघितलं होतं, बॅटरीचं झाकण नसलेलं. केबल चालते का पण? आणि गेंगार झाल्यावर मी परत देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

टाझोवाला:
एका टोकाच्या दोन पिना काळ्या पडल्यात. खोडरबरानं घासतोय.