आईचा खांदा अडतो आहे. कारण कसे ओळखावे?

केळीबाग (रावेर):
नमस्कार. माझ्या आईचे वय 54 असून तिला मधुमेह आहे. गेल्या कापूस वेचणीपासून तिचा डावा खांदा दुखू लागला आणि आता दुखण्यापेक्षा हात अडण्याची तक्रार मोठी झाली आहे. कमरेच्या ओटीची गाठ तिला मागे बांधता येत नाही, वेणी घालायला बहिणीला हाक मारावी लागते आणि त्या कुशीवर वळताच रात्री जाग येते. एक्स-रेमध्ये काही दोष निघाला नाही. कोणी हात ओढून मोकळा करून घ्या म्हणतात, कोणी गळ्यात बांधून ठेवा म्हणतात. मला दोन्हींची धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भुसावळकर फिजिओ:
घरी एक तपासणी करून पाहा. आईंना कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवायला सांगा आणि मनगट धरून तो हात हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवा. दुसऱ्याने फिरवूनही तो उजव्या हाताच्या मानाने बराच आधी अडत असेल, तर सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसले असण्याची, म्हणजेच फ्रोझन शोल्डरची, शक्यता मोठी आहे. हा विकार प्रामुख्याने 40 ते 60 या वयात, स्त्रियांमध्ये अधिक, आणि मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत विशेष आढळतो. बिघाड हाडात नसल्यामुळे एक्स-रे बहुधा निर्दोष येतो. तरीही तो काढला हे योग्यच झाले, कारण सांध्याची झीज नाही याची खात्री त्यामुळे होते. आधी वेदना, मग जखडण, मग हळूहळू मोकळीक, असा हा क्रम एक ते तीन वर्षे चालू शकतो. झटका देऊन हात ओढू देऊ नका. त्यात स्नायूचा कंडरा फाटू शकतो, प्रसंगी हाडही मोडते. गळ्यात बांधून ठेवल्यास जखडण वाढते.

तापीकाठ (यावल):
माझे दुखणे वेगळ्या जातीचे होते, म्हणून लिहितो. केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत वाहण्याचे काम मी बरीच वर्षे केले. दुसऱ्याने उचलला तर माझा हात पूर्ण वर जात असे; स्वतः उचलताना मात्र खांद्याच्या उंचीला कळ येई आणि भरलेला तांब्या फळीवर ठेवणे जमत नसे. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंपैकी वरच्या स्नायूचा कंडरा अर्धवट फाटल्याचे सोनोग्राफीत दिसले. शस्त्रक्रिया लागली नाही. ओझे बंद करून रबरी पट्ट्याचे व्यायाम काही महिने नेटाने केले, तेव्हा ताकद परतली. मात्र पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर हाडांच्या डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

वाचक (धुळे):
मानेतील शीर दबली तरी खांदा दुखतो; तेव्हा मान वळवताना कळ हातात उतरते आणि बोटांना मुंग्या येतात. डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर हृदयाचा विचार आधी करून थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहात ही लक्षणे सौम्यही असू शकतात.

केळीबाग (रावेर):
सर्वांचे आभार. तपासणी केली, मी फिरवूनही आईचा हात लगेच अडतो. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे, पण साखर वाढेल म्हणून ती तयार होत नाही.

भुसावळकर फिजिओ:
त्यांची शंका रास्त आहे. साखर काही दिवस वाढते, म्हणून इंजेक्शनपूर्वी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि त्या दिवसांत ग्लुकोमीटरने ती तपासत राहावी. वेदनेच्या सुरुवातीच्या काळात हे इंजेक्शन चांगला आराम देते, आणि वेदना कमी झाली की व्यायाम करणे शक्य होते. वेदनाशामक गोळ्या मनाने चालू ठेवू नयेत. मधुमेहात मूत्रपिंडांना जपावे लागते. उजव्या हाताने ओट्याचा आधार घेऊन पुढे वाकावे, डावा हात सैल सोडून हळूहळू झुलवावा, मग भिंतीवर बोटे चालवत तो सोसेल तितका वर न्यावा. हे दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे करावे. त्यानंतरचा ठणका रात्रभर राहिला, तर जोर जास्त झाला असे समजून व्यायाम कमी करावा. अनेक महिने फरक पडला नाही, तरच सलाइनने सांधा फुगवणे, भूल देऊन हात हलवणे किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. मधुमेहात दुसरा खांदाही पुढे धरू शकतो, तेव्हा उजव्या हाताची हीच तपासणी अधूनमधून करत राहा.