ग्रीक बेटांवरचं रोजचं जगणं : तुम्ही काय पाहिलंत?

सँटोरिनीचा सूर्यास्त आणि निळे घुमट आपण सगळ्यांनी फोटोत भरपूर पाहिलेत, इथे ते नकोत. तिथली माणसं दुपारी काय करतात, कशावरून कुरकुरतात, जेवायला कधी बसतात, असलं काही नजरेत भरलं असेल तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही ऑगस्टमध्ये नाक्सोसला होतो. या दिवसांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' सुटतो. आभाळ लख्ख, आणि वारा असा की टोपी डोक्यावर ठरत नाही. हवेची चौकशी तिथे आकड्यात होते: आज किती बोफोर (वाऱ्याच्या जोराचं माप)? बेकरीवाल्या आजी, बसचा ड्रायव्हर, सगळे त्याच भाषेत बोलतात. पाच-सहाला कोणी भीक घालत नाही, आठ म्हटलं की फेरीबोट सुटणार का याची कुजबुज सुरू. टॅव्हर्नात टेबलावर कागद अंथरून कडेने चिमटे लावतात. आमच्या वेटरने ताटल्या ठेवण्याआधी एकेक चिमटा दाबून पाहिला. नाक्सोसला स्वतःचे बटाटे आणि चीज तरी आहे. लहान बेटांवर बराचसा भाजीपाला फेरीनेच येतो, त्यामुळे ही कुजबुज तिथे थेट स्वयंपाकघरात पोचते.

*

तिनोसला १५ ऑगस्टच्या सुमाराला जाऊन बघा. बंदरापासून टेकडीवरच्या पानायिया एवांगेलिस्त्रिया चर्चपर्यंत चढाचा रस्ता आहे, त्याच्या कडेने गालिच्याची पट्टी. तिच्यावरून लोक गुडघ्यांवर रांगत वर जातात. १८२३ मध्ये सापडलेलं मेरीचं चित्र दागिन्यांनी इतकं झाकलंय की चेहरा शोधावा लागतो. रस्त्यालगतच्या दुकानांत पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या आणि नवसाला वाहायचे पत्र्याचे छोटे 'तामा' मिळतात: कुणावर डोळा, कुणावर पाय, कुणावर तान्हं बाळ. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला काही विचारावं लागलं नाही. नवसाच्या चांदीच्या बोटी मात्र आपल्याकडे कधी पाहिल्या नव्हत्या, तिथे छतापासून लटकतायत.

*

शाकाहारी मंडळींसाठी: सिफ्नोस. शनिवारी संध्याकाळी मातीच्या झाकणाच्या भांड्यात काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह तेल आणि पाणी घालून भांडं लाकडाच्या भट्टीत जातं. रात्रभर मंद आचेवर राहतं आणि रविवारी चर्चहून परतताना लोक ते घेऊन घरी जातात. रेविथादा म्हणतात. वर लिंबू पिळायचं. मसाला नावाला नाही, तरी चणा जिभेवर विरघळतो. इतर बेटांवर 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं, काय आहे ते विचारावं. मांस-दूध-अंडं नसतं. पण सावधान, त्यांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो! (आपल्या साबुदाण्याला हसणाऱ्यांना हे जरूर सांगा.)

*

हिद्रा. बेटावर खासगी गाड्यांना बंदी. सामान खेचरावर, त्यात फ्रिजही आला. खेचरवाला मोबाईलवर बोलत पुढे, खेचर आपल्या मनाने मागे. बाकी काय लिहू, मांजरं. सगळीकडे मांजरं.

*

मी पाहुणी नाही, सून आहे. नवरा सीरॉसचा, राहतो अथेन्सला, उन्हाळा सासरी. लेकीला पहिल्यांदा नेलं तेव्हा बघायला येणारी प्रत्येक बाई कौतुक करून लगेच 'फ्तू फ्तू फ्तू' करायची. थुंकी उडत नाही, नुसता आवाज. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरोबर आहे, गोरं पोर, दृष्ट लागेल. रात्री पोरगी रडायची थांबेना तेव्हा सासूबाईंनी वाटीत पाणी घेतलं, तेलाचे थेंब सोडले आणि पुटपुटायला लागल्या. थेंब पसरून विरला तर दृष्ट लागलेली. मंत्र पुटपुटताना त्यांना जांभयांवर जांभया येत होत्या, आणि आमच्या आजीलाही मीठ-मोहऱ्या ओवाळताना अगदी तशाच यायच्या. मंत्र मला शिकवा म्हटलं तर त्यांनी मान मागे टाकून भुवया उंचावल्या आणि जिभेने 'च्यक' केलं. झालं, नाही म्हणजे नाही. तो बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईलाच द्यायचा असतो. आता सासरे मला शिकवणार आहेत, पण आधी त्यांना आठवायला हवा.

*

क्रीटबद्दल दोनच गोष्टी. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५:३० शांततेची वेळ, तीही कायद्याने. आम्ही गच्चीत खुर्च्या सरकवल्या तर शेजारच्या आजोबांनी खिडकीतून नुसतं पाहिलं, पुरेसं होतं. रात्री दहाला तेच आजोबा नातवंडांसकट चौकात, आणि पोरं अकरापर्यंत फुटबॉल खेळतायत. दुसरं म्हणजे बिल. मागितल्याशिवाय येत नाही. मागितलं की आधी कलिंगड आणि राकीची (तिथली कडक दारू) छोटी बाटली येते, फुकट. ती संपेपर्यंत बिलाचा विषय कोणी काढत नाही. घाई असेल तर पैसे द्यायला सरळ गल्ल्यावर जा.