मदत हवी आहे: कार्ट-पाथवरचा बॉल, फुकट रिलीफ आणि घाणेरीची झुडपं

मंडळी, इथे गोल्फ खेळणारं कुणी आहे का? मी दीड वर्ष पुण्यात खेळतोय, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) सांगण्यासारखा नाही.

रविवारी स्ट्रोक-प्ले (एकूण फटके, म्हणजे स्ट्रोक, मोजायची स्पर्धा) होता. टी-शॉट (होलचा पहिला फटका) डावीकडे भरकटला आणि सिमेंटच्या कार्ट-पाथच्या (गोल्फगाड्यांच्या रस्त्याच्या) अगदी मधोमध थांबला. पाथच्या डावीकडे घाणेरीची गच्च झुडपं, उजवीकडे फेअरवे (कापलेल्या गवताचा मोकळा पट्टा). मी रिलीफ (अडथळ्यातून बॉल बाजूला घेण्याची मुभा) म्हणून बॉल उचलला, उजव्या बाजूला ड्रायव्हरने (सर्वात लांब क्लबने) एक क्लबभर अंतर मोजलं, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप केला, म्हणजे खाली सोडला, आणि मारला. सोबतचे काका म्हणाले, "अरे, तुझी जागा झुडपात होती!" मग समितीने दोन स्ट्रोक चढवले. रिलीफ फुकट आहे ना? मग दंड कसला? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: काका बरोबर आहेत. नियम १६.१ मध्ये 'सर्वात जवळची' जागा आहे, 'सर्वात सोयीची' नाही. आणि त्या जागी नुसता बॉल नाही, मारताना तुमचे पायही पाथबाहेर हवेत. तुम्ही उजव्या हाताने खेळता ना? होलकडे तोंड केलं तर तुमचे पाय बॉलच्या डावीकडे येतात. म्हणून डावीकडे बॉल पाथच्या कडेला लागून ठेवला तरी पाय सिमेंटबाहेर राहतात. उजवीकडे मात्र पायांसाठी बॉल आणखी हातभर लांब न्यावा लागतो. म्हणून डावी बाजू जवळची. डावखुरे असता तर फेअरवे मिळाला असता!

दोन स्ट्रोक चुकीच्या जागेवरून मारल्याचे. मारण्याआधी लक्षात आलं असतं तर बॉल उचलून बरोबर जागी ड्रॉप करता आला असता, विनादंड. आणि रिलीफ घेतलीच पाहिजे असं नाही, पाथवरूनही मारता येतं. फक्त हे सगळं बॉल उचलण्याआधी ठरवा. उचलून मग 'नको, इथूनच मारतो' म्हणालात तर एक स्ट्रोक दंड.

धागाकर्ता: हात्तिच्या! पायांचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. जाता जाता, पावसाळ्यात बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पाणी साचलं आणि बॉल त्यात गेला तर?

प्रतिसाद: फुकटात हवं तर बंकरमध्येच ड्रॉप. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक दंड, तेही होल आणि बॉलच्या रेषेत मागे जाऊन.