४५ की ६१ मेगापिक्सेल? लग्नाच्या कामासाठी आणि बांधीतल्या सारसांसाठी

आमगावचा स्टुडिओ

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. घर चालते ते लग्नांवर, शाळांच्या ग्रुप फोटोंवर आणि पासपोर्ट फोटोंवर. जीव अडकला आहे तो सारसांत. आठ वर्षांपासून निकॉन डी७२०० वापरतो, २४ मेगापिक्सेलचा, आणि पक्ष्यांसाठी निकॉनचीच २००-५०० मिलिमीटरची लेन्स. रात्रीच्या वरातीत आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून आता कॅमेरा बदलायचा आहे.

पण विचारायचे खरे कारण दुसरेच. या वर्षी श्रावणात गावाबाहेरच्या एका बांधीत (धानाच्या खाचरात) सारसांच्या जोडीने घरटे केले. ज्यांचे शेत आहे त्या काकांनी तेवढा तुकडा रोवणीचा सोडून दिला आणि मला बजावले, "धुऱ्याच्या पुढे पाय टाकायचा नाही." टाकणार नव्हतोच. माणूस जवळ गेला की बसलेला पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, घरटे पावलांनी मोजले तर साधारण १५० मीटर. तिथून ५०० मिलिमीटरवरसुद्धा पक्षी फ्रेममध्ये लहानच येतो. काकांच्या ओसरीत लावायला १२ बाय १८ ची प्रिंट कबूल केली होती. क्रॉप करून, म्हणजे कडा कापून पक्षी मोठा करून, छापली, तर डोके आणि मानेचा लाल रंग एकमेकांत मिसळून गेला. काका काही बोलले नाहीत, लावलीही भिंतीला, पण मला ती पाहवत नाही.

नागपूरला एका दुकानात विचारले तर म्हणाले, ६१ मेगापिक्सेलचा सोनी ए७आर ४ घ्या, कितीही कापा. दुसऱ्याने जुना निकॉन डी८५० सुचवला, ४५.७ चा. तिसरा म्हणतो कॅनन आर७, ३२.५ चा. निकॉन सोडला तर लेन्सही विकावी लागेल. एवढा खर्च फक्त मेगापिक्सेलच्या आकड्यावर करावा का? आणि लग्नाच्या कामात त्या आकड्याचा काही उपयोग होतो का? ज्यांनी वापरले आहे त्यांनी कृपया सांगा.

आर्वीकर फोटोवाला

भाऊ, लग्नाचे मी सांगतो, पाखरांतले मले काही समजत नाही.

मी ४५ चा कॅमेरा दोन सीझन वापरला. हळद, लग्न, रिसेप्शन धरून तीन हजार फोटो कुठे गेले नाही. तुमच्या डी७२०० ची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल) सुमारे २८ एमबी, म्हणजे ८४ जीबी. ४५ वाल्याची ५० एमबीच्या आसपास, म्हणजे दीडशे जीबी. त्याची एक कॉपी आणखी ठेवा. आमच्याकडे लाइन गेली की कॉम्प्युटर अर्ध्या कामात बंद, मग ते सगळे कॉपी करणे पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीनंतर एका आठवड्यात चार लग्ने लागली होती, तेव्हा हार्ड डिस्क घ्यायले वर्ध्याले दोनदा जावे लागले.

अल्बम १२ बाय ३६ चा. एकच फोटो पूर्ण दोन पानांवर ताणला तर २४ मेगापिक्सेलमधून इंचाला १६६ पिक्सेल पडतात, ४५ मधून २२९. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण नवरीची आई अल्बम मांडीवर घेऊन पाहते, भिंग घेऊन नाही. आणि बाकीच्या पानांवर तर एकेका शीटवर चार-पाच फोटो असतात. डी८५० घेतलाच तर त्यात मीडियम रॉ आहे, २५.६ मेगापिक्सेलची, लग्नाले ती लावून टाका.

बांधकाठचा मास्तर

मी नवेगावबांधजवळ राहतो. शाळेत विज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून वही काढली, कारण याच चुकीत मी एकदा पैसे घातले आहेत.

तुम्हाला मेगापिक्सेल विकत घ्यायचे नाहीत, सारसावर पडणारे पिक्सेल घ्यायचे आहेत. दोन्ही वेगळे. उभा सारस १.६ मीटर धरा, अंतर १५० मीटर, लेन्स ५०० मिलिमीटर. सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर) त्याची प्रतिमा ५.३ मिलिमीटर उंच पडते. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, ही ५.३ बदलत नाही, कारण ती लेन्स आणि अंतर ठरवतात. आता त्या ५.३ मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल मावतात ते पाहा.

तुमच्या डी७२०० चा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून पक्षी सुमारे १३६० पिक्सेल उंच येतो. डी८५० चा पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा, तिथे तोच पक्षी १२२५ वर येतो. होय, कमी! ४५.७ हा आकडा मोठा आहे कारण सेन्सर मोठा आहे. ते जास्तीचे पिक्सेल पक्ष्याच्या आजूबाजूच्या धानावर पडतात, आणि क्रॉप करताना ते धान तुम्ही कापूनच टाकता. डी८५० ला डीएक्स क्रॉपवर टाकले, म्हणजे सेन्सरचा डी७२०० एवढाच भाग वापरला, तर हाती १९.४ मेगापिक्सेल राहतात, तुमच्याकडे आज २४ आहेत. ६१ चा सोनी १४२० देतो. म्हणजे आख्खी सिस्टिम बदलून, लेन्स विकून, सारसाच्या उंचीत ६० पिक्सेलची भर. आर७ खरोखर दाट आहे, पिक्सेल ३.२ मायक्रॉनचा, त्यात १६६५ येतात. आणि फुल फ्रेम, म्हणजे डी८५० एवढ्या मोठ्या सेन्सरचा, २४ घेतला तर फक्त ८९०.

मी फुल फ्रेम २४ घेतला होता. आकडा तोच, मग फोटो तसाच येणार असे मानून. पहिल्याच दिवशी तलावाच्या पाळीवरून काढलेले पक्षी जुन्या फोटोंपेक्षा लहान दिसले तेव्हा कळले.

आता तुमची प्रिंट. पक्षी १४ इंच उंच छापला असेल तर इंचाला ९७ पिक्सेल झाले. आर७ घेऊन ११९ होतील. ओसरीत खाटेवर बसून पाहणाऱ्याला हा फरक दिसेल, पण थोडाच. त्यापेक्षा तुमच्याच लेन्सवर निकॉनचा १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी भिंगाची कडी) लावा, टीसी-१४ई ३. ७०० मिलिमीटर होतात, पक्षी १९०० पिक्सेलवर जातो, इंचाला १३६. उजेड एक स्टॉप जातो, म्हणजे निम्मा होतो, छिद्र एफ ८ होते, आणि एफ ८ वर डी७२०० चा फक्त मधला एक फोकस बिंदू चालतो. उडत्या पक्ष्याला ते त्रासाचे आहे. घरट्यावर बसलेला सारस कुठे पळून चालला? मधला बिंदू डोळ्यावर ठेवा आणि मग फ्रेम जुळवा.

एक गोष्ट कोणताही सेन्सर सोडवत नाही. ऊन चढले की बांधीवरची हवा थरथरते. १५० मीटरच्या त्या हवेतून आलेली प्रतिमा मुळातच पुसट असते. दाट सेन्सर तो पुसटपणा जास्त पिक्सेलांत वाटून देतो, एवढेच. सूर्य उगवल्यापासूनचा पहिला दीड तास तुमचा. लेन्सखाली कापडी पिशवीत धान भरून ठेवा आणि ती पिशवी धुऱ्यावर नीट दाबून बसवा. पिक्सेल जितका बारीक, तितका हात हललेला जास्त दिसतो. पूर्वी ५०० मिलिमीटरला १/५०० शटर पुरे म्हणायचे, दाट सेन्सरवर मी १/१००० च्या खाली जात नाही.

कंपन्यांच्या भांडणाबद्दल एकच. निकॉनने २०१७ च्या डी८५० पासून २०२१ चा झेड९ आणि २०२३ चा झेड८ इथपर्यंत ४५.७ हाच आकडा ठेवला. सोनीचा २०१९ चा ए७आर ४ आणि २०२२ चा ए७आर ५ दोन्ही ६१ चेच. सुधारणा झाली ती फोकसमध्ये आणि कामाच्या वेगात. पक्ष्याचा डोळा शोधून धरून ठेवणारा फोकस ही मला मेगापिक्सेलपेक्षा मोठी गोष्ट वाटते. दुकानात याबद्दल विचारा.

गडचिरोलीची ताई

मास्तरांचे गणित बरोबर आहे. मी धानावरचे किडे आणि फुलपाखरे काढते, आर७ वर. दाट सेन्सरचा फायदा मला रोज होतो, कारण मी वस्तूच्या जवळ असते, मध्ये हवा नसते. दादा, तुमच्या कामात दोन गोष्टी लक्षात घ्या. आर७ मध्ये आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर लावले तर सेन्सर वरून खाली हळू वाचला जातो, त्यामुळे फडफडणारा पंख वाकडा येतो. मेकॅनिकल शटरवर ते होत नाही. आणि त्याचा सेन्सर लहान आहे, म्हणजे रात्रीच्या वरातीची तुमची तक्रार तशीच राहील. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ तुमच्या डी७२०० च्या सव्वादोन पट आहे, अंधारात जिंकते ते हे क्षेत्रफळ. जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त दाणे असे लोक म्हणतात, पण २४ आणि ४५ चे दोन फुल फ्रेम कॅमेरे एकाच मापाच्या प्रिंटवर पाहिले तर दाण्यांत फारसा फरक दिसत नाही.

शाळेच्या ग्रुप फोटोचे कोणीच बोलले नाही. साठ मुले चार ओळींत, फ्रेम आठ मीटर रुंद. २४ मेगापिक्सेलमध्ये एकेका चेहऱ्याला सुमारे ११२ पिक्सेल रुंदी मिळते. १२ बाय १८ ची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० पिक्सेल लांब असते, तुमच्याकडे ६००० आहेतच. त्याहून जास्त पिक्सेल लॅबमध्येच गळून जातात. मागच्या ओळीतली पोरे पुसट येत असतील तर छिद्र एफ ८ करा आणि बाके नीट लावा.

आमगावचा स्टुडिओ

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचे वाचून मी तीन आठवडे थांबलो आणि करून पाहिले.

धान कापून झाले आहे, बांधी मोकळी आहे. घरट्याच्या जागी काकांनीच बांबू रोवून दिला. त्याला वर्तमानपत्राचे पान ताणून बांधले आणि धुऱ्यावरून फोटो काढले. देवरीच्या मित्राचा डी८५० आणला होता, आणि गोंदियाच्या एकाकडून कन्व्हर्टर दोन दिवसांसाठी मागून घेतला. लेन्स माझीच, पिशवीत धान भरलेले.

सकाळी सातला, धुके विरल्यावर, डी७२०० वर मोठे मथळे स्वच्छ वाचता आले. डी८५० वर तेच मथळे, पण क्रॉप केल्यावर किंचित मऊ, अगदी तुम्ही लिहिले तसे. कन्व्हर्टर लावून डी७२०० वर मथळ्याखालची छोटी ओळही लागली. साडेनऊला पुन्हा काढले तर तिन्हींत ती ओळ नाही, मथळ्याच्या कडाही नाचत होत्या. हे पाहिल्यावर श्रावणातल्या माझ्या फोटोंच्या वेळा तपासल्या. प्रिंटसाठी निवडलेला फोटो दहा वाजून वीस मिनिटांचा होता. त्या दिवशी लवकरचेही फोटो होते, पण त्यांत पक्षी मान खाली घालून बसलेला म्हणून मी ते बाजूला टाकले होते. आता त्यांतला सहा पन्नासचा फोटो काढला आहे. सारस मान वळवून अंड्याकडे पाहतो आहे आणि मानेवरची लाल कातडी वेगळी कळते. तो आज छापायला दिला.

डी८५० एका गोष्टीत आवडला, संध्याकाळी अंधारात काढलेल्या फोटोंत. पण आर्वीच्या भाऊंनी सांगितलेला फाइलींचा पसारा मला झेपणारा नाही. म्हणून असे ठरवतो आहे. लग्नासाठी वापरलेला निकॉन झेड६ २, २४.५ चा फुल फ्रेम, सोबत एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारी कडी). सारसांसाठी डी७२०० तसाच ठेवायचा आणि कन्व्हर्टर घ्यायचा. माझी जुनी ५० मिलिमीटर १.८ डी लेन्स आणि २००-५०० दोन्ही त्या अडॅप्टरवर चालतील ना?

बांधकाठचा मास्तर

२००-५०० च्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, ती फोकससह चालेल. ५० ची डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरते आणि एफटीझेडमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे तिथे फोकस हाताने करावा लागेल. ती डी७२०० वरच राहू द्या आणि पासपोर्ट फोटो तिच्यावर काढा.

काकांना नवी प्रिंट देताना जुनी परत आणा.

आमगावचा स्टुडिओ

आणतो. फ्रेम तीच वापरणार आहे.