एवढ्याशा कातडीची सोनोग्राफी?

चिऊचीआई: लेक सात महिन्यांची. मांडीवर मऊ गाठ आलीय, डॉक्टरांनी त्वचेची सोनोग्राफी सांगितली. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा कातडीत काय दिसणार!"

जेलवाली: माझं रोजचं कामच हे. पोटाला ३-५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी पुरतात. त्वचेसाठी २०च्या आसपासचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, असेल तर उत्तम. खोल जात नाही, पण वरचे काही मिलिमीटर लख्ख दिसतात. कोलॅजन, म्हणजे त्वचेतले चिवट तंतू, पांढरं चमकतं, खालची चरबी काळपट. तान्ह्यांची त्वचा पातळच, वयाबरोबर जाड होत जाते. म्हणून मोठ्यांचे आकडे बाळाला लावत नाही. प्रोब दाबतही नाही, जेल भरपूर; दाबलं की जाडी चुकते.

चिऊचीआई: किरणं नसतात ना?

जेलवाली: छे, नुसता आवाज. तोही आपल्याला ऐकू न येणारा.

दोनपोरांचाबाबा: जेल कोमट करायला सांगा हो! आमच्या धाकट्याने दवाखाना डोक्यावर घेतला होता.