शटर चढताना तिरकं होतं, डावीकडे अडकतं. स्प्रिंगा बदलायच्या का?

गाळा_नंबर_४
दुकान मुंबईत हिंदमाताजवळ, तळमजल्याला. हाताने ढकलायचं साधं पट्ट्यांचं शटर, रुंदी ९ फूट, उंची ८ फूट, पट्ट्या १८ गेज जाडीच्या. पूर्ण खाली असताना सरळ टेकतं. वर ढकलताना बॉटम (सर्वांत खालची पट्टी) ४ फुटांवर आला की उजवी बाजू दीड इंच पुढे जाते, डावीकडे करकर आवाज येऊन अडकतं, दोघांनी हिसका द्यावा लागतो. उतरवताना एवढा त्रास नाही. शटरवाला म्हणतो चारही स्प्रिंगा गेल्या, बदलून टाकू. पावसाळ्याआधी असं नव्हतं. स्प्रिंगांनी तिरकेपणा जाईल का?

ओळंबा
खाली सरळ टेकतं आणि चढताना बिघडतं, म्हणजे फरशी आणि बॉटम ठीक आहेत. दुखणं वाटेत कुठेतरी आहे.

शटरचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगांचा निकाल दोन मिनिटांत लागतो. शटर कमरेपर्यंत आणा, पाय बाजूला घ्या आणि हात सैल करा. आपोआप खाली आलं तर ताण कमी, वर पळालं तर जास्त. तिथेच थांबलं तर स्प्रिंगा शाबूत आहेत, पैसे वाचले. शिवाय स्प्रिंगा सैल पडल्या की सबंध शटर जड होतं, एकाच ठरावीक उंचीवर अडकत नाही.

दीड इंच येतो कुठून, तर सांध्यांतून. ८ फुटांत ८० मिमीच्या साधारण ३० पट्ट्या बसतात. दर सांध्यात सव्वा मिमी खेळ धरला तरी बेरीज ३७ मिमी, म्हणजे तुमचा दीड इंच. डावीकडे काहीतरी घासतं, ती बाजू मागे राहते आणि उजवीकडचे सांधे दबून पुढे जातात. एकाच कडीला धरून एका हाताने उघडायची सवय असेल तर आणखीच.

घासण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सरकलेली पट्टी. पट्ट्या एकमेकींत आकड्यासारख्या अडकलेल्या असतात, आडव्या सरकू शकतात. त्यांना अडवते टोकाची क्लिप. तिचा रिव्हेट गंजून तुटला की पट्टी बोटभर बाहेर येते आणि गाईडच्या, म्हणजे पट्ट्यांची टोकं ज्यात सरकतात त्या उभ्या चॅनेलच्या, आतल्या भिंतीला घासते. शटर पूर्ण वर घ्या, दोन्ही बाजूंना खालून लाकडी टेकू द्या (सपाट पत्र्याच्या हिशोबानेच पट्ट्यांचा सबंध पडदा ६० किलोंच्या वर जातो), वरचं कव्हर उघडा आणि गुंडाळीची बाजू बघा. फितीच्या रिळासारखी सपाट हवी. पायऱ्या दिसल्या तर त्या पट्ट्या सरकल्यात. बाकी सगळं गंजाने तांबूस आणि एखाद्या टोकाची कड मात्र चांदीसारखी चकचकीत असेल, तर घासणारी तीच.

सरकलेली पट्टी लाकडी ठोकळा धरून हलके ठोकत आत बसवायची आणि नवी क्लिप रिव्हेट करायची. वेल्डिंगवाल्याला बोलावलंत तर त्याला आधी बजावा, टाका फक्त टोकाला, क्लिपपुरता. सांध्याच्या लांबीवर टाका पडला तर ती जोडी वळणारच नाही आणि गुंडाळी तिथे ताठ होईल.

खटपट्या
कव्हर उघडताय तर कबुतरंही बघा. काड्या आणि विष्ठा एका बाजूला गुंडाळीत दबली की त्या बाजूचा घेर वाढतो. त्रिज्या १ सेमीने वाढली तर दर फेऱ्याला तिकडे ६ सेमी जास्त गुंडाळलं जातं. आवाज न होता तिरकं होणारं शटर बहुतेक याच जातीचं.

गाईडलाईन
गाईडही तपासा. वरून ओळंबा सोडा, मग दोन गाईडमधलं अंतर खाली, मध्ये आणि वर मोजा. ३ मिमीपर्यंत फरक चालतो. चॅनेलचं तोंडही दर फुटाला मोजा. हातगाडीचा नाहीतर टेम्पोचा धक्का लागून ते चेपतं आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हिंदमाताला पाणी भरतं म्हणजे खालच्या फूटभरात गाळ असणारच. पातळ सळईने खरवडून काढा, घासलेटने धुवा.

आणि गाईडमध्ये ग्रीस भरू नका! रस्त्याची धूळ बसून महिन्याभरात त्याचा पॉलिश पेपर होतो. फडक्याने पातळ तेलाचा हात पुरे.

गाळा_नंबर_४
तपासलं. कमरेवर सोडलं तर जागचं हलत नाही. कबुतरं नाहीत. डावीकडे बॉटमपासून फूटभर वरच्या तीन पट्ट्या अर्धा इंच बाहेर आहेत, एकीची क्लिप लोंबतेय. डाव्या गाईडचं तोंड सगळीकडे पाऊण इंच, पण जमिनीपासून ५ फुटांवर जेमतेम अर्धा इंच.

ओळंबा
हिशोब जुळला. बॉटम ४ फुटांवर असतो तेव्हा फूटभर वरच्या त्या पट्ट्या बरोबर ५ फुटांवर, म्हणजे चेपलेल्या जागी येतात. लोंबती क्लिप तिथेच धरली जाते. उतरताना पडदा स्वतःच्या वजनाने ताणलेला राहतो म्हणून सुटतो, खालून ढकलताना पट्ट्या एकमेकींवर चढून फुगतात आणि रुततात.

आधी गाईड. शटर वर, टेकू जागेवर. पाऊण इंच जाडीची लोखंडी पट्टी चेपलेल्या भागाच्या वरून तोंडात घाला आणि हातोडीने खाली ठोकत आणा, तोंड उघडेल. बाहेरून घण घालू नका, भिंतीतले बोल्ट हलतात. कड कानशीने साफ करा. मग तिन्ही पट्ट्या ठोकून नव्या क्लिपा. क्लिपा तिन्हींच्या बदला, बाकी दोन क्लिपांचे रिव्हेटही त्याच पाण्यात भिजलेत.

खटपट्या
एवढं केल्यावर थोडं जड वाटलं तरी वरच्या पाईपच्या ब्रॅकेटचे क्लॅम्प स्वतः सोडू नका. स्प्रिंगांचा सगळा ताण त्या पाईपवर धरलेला असतो आणि शटर खाली असताना सर्वांत जास्त. क्लॅम्प सैल झाला की पाईप गर्रकन फिरतो, त्यावर लावलेला पाईपपाना हाताला नाहीतर तोंडाला बसतो. ते काम शटरवाल्याचं. त्याला सांगायचं, शटर वर असताना ताण थोडा वाढवून दे आणि पुन्हा कमरेवर सोडून दाखव.

गाळा_नंबर_४
वेल्डिंगवाला रविवारी येतोय. चारच्या चार स्प्रिंगांचं रद्द केलं.